भट्टी बंद असताना

डलूथ, मिनेसोटा. बाहेर उणे सव्वीस.
सरोवर पार दीपस्तंभापर्यंत गोठलेलं,
आणि तळघरात मी मायक्रोफोन बोटभर पुढे सरकवतोय,
मग अर्धं बोट मागे.
ज्याच्याकडे पैसा आहे तो यंत्र बदलतो,
माझ्यासारखा खुर्ची हलवतो.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
मी अंथरुणंच भिंतींना ठोकली:
तीन रजया, बोटीवरची एक ताडपत्री,
मेव्हण्याच्या घटस्फोटातून उरलेली डबल गादी.
अंड्यांचे ट्रे कुणी प्रेमानं आणून दिलेच
तर त्यांत स्क्रू ठेवतो.
आवाज त्यांना भीक घालत नाही.

टेपमशीन आठ ट्रॅकचं, सहावा मेलेला.
म्हणजे सात.
दारावरच्या पाटीवर आठ लिहिलंय. राहू दे.

आज वेर्ना कोलेहमाइनेन, वय एक्क्याऐंशी.
खनिजाच्या जहाजांवर तीस वर्षं स्वयंपाकीण,
मांडीवर अकॉर्डियन, आईच्या माहेरून आलेला.
सोबत नातू टायको, बासची एकच तार नवी.
नातीच्या लग्नात वाजवायला तीन चाली हव्यात.
बजेट: एकशे दहा डॉलर
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला, धुरी दिलेला एक मासा.
सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं नाही.
मासा मोठा होता. मी हो म्हणालो.

आता भट्टी.
बारा वर्षं या तळघरात ती गुणगुणते.
येईल त्याला मी रुबाबात सांगतो,
"भट्टी बी-फ्लॅटमध्ये गाते, तेवढा सूर टाळा."
आणि जे टाळत नाहीत त्यांच्या टेपमधून
मी तो सूर फिल्टरनं कापून काढतो, बारीक, डॉक्टरसारखा.
पण वेर्नाची दुसरी चाल इतकी हलकी
की भट्टी विझवावीच लागली.

पहिला टेक घाईत गेला, थंडीच्या भीतीनं.
दुसऱ्यात भाता कण्हायला लागला.
चामडं कडक झालं होतं, आणि टायकोची बोटंही.
तिसऱ्यात ती डोळे मिटून बसली,
तोंडातून वाफ, सुरातून नाही,
आणि मधल्या वळणावर, जिथं दोन्ही टेकांत धावली होती,
तिथं थांबली.
किती? मोजलं नाही. मीटरचे काटे आडवे झाले.
मी हेडफोनमध्ये तिचं मनगट ऐकलं.
मग चाल पुन्हा सुरू झाली, जणू स्वयंपाकघरात
काहीतरी बघून परत आली.

शेवटच्या सुरानंतर खुर्ची करकरली
आणि ती फिनिशमध्ये एक शब्द बोलली,
दूध उतू गेल्यावर स्वयंपाकीण बोलते तसला.
"तो काप," ती म्हणाली. "लग्नात पाद्री असतो."

ब्लेडनं कापला. वीतभर टेप.
ती कॉफीच्या डब्यात टाकली:
तिथं बारा वर्षांचे खोकले आहेत,
एका ड्रमरची शिंक, कुणाचा तरी कुत्रा,
चुकून वाजलेला माझा स्वतःचा फोन.
फेकवत नाही. ऐकतही नाही.

भट्टी पेटवली. ढप्प.
वेर्ना पट्ट्याची बक्कल लावत होती, मान तिरकी करून थांबली.
"उतरलेली आहे."
कोण?
"तुझी भट्टी. बी-फ्लॅट कुठला, जरा खालचा आहे."
आणि जिना चढून गेली, कठड्याला न धरता.

टायको वायरी गुंडाळून गेला.
मी ट्यूनर काढला, पत्र्याच्या नळीला टेकवला.
काटा डावीकडे. थरथरत, पण डावीकडेच.

फडताळात दोनशेच्या वर रिळं.
प्रत्येकीत मी एक सूर कापलाय,
अगदी काळजीपूर्वक,
भट्टीच्या शेजारचा.
कुणाकुणाचे गळे होते तिथं, देव जाणे.

वर्तमानपत्र सोडून मासा खाल्ला,
हातानंच, उभ्यानं, काट्याकडे बघत.
मीठ बरोबर होतं.